उत्तर चुकल्यावर सर काय करतात?

चेंडू सरळ वर फेकला. वर जाता जाता तो मंदावला, एका उंचीवर क्षणभर थांबला आणि खाली यायला लागला. थांबला त्या क्षणी त्याचा वेग शून्य होता. मग त्या क्षणी त्याचं त्वरण किती होतं?

अकरावीच्या वर्गात हा प्रश्न विचारला तर बरीच मुलं ‘शून्य’ म्हणतात. खरं उत्तर आहे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, दिशा खाली. चेंडू वर जात होता तेव्हा जितकं होतं तितकंच.

शिकवणीचे एक सर म्हणतील, “चूक. खोड ते, ‘जी’ लिही. पुढचं घे.” दुसरे सर विचारतील, “शून्य का वाटलं तुला?”

“थांबलाय ना सर तो.”

“बरं. वेग शून्य आहे आणि त्वरणही शून्य आहे असं धरू. मग पुढच्या क्षणी वेग किती?”

“शून्यच.”

“आणि त्याच्या पुढच्या क्षणी?”

मुलगी जरा वेळ वहीकडे बघत राहते. मग म्हणते, “असं असेल तर तो वरच राहील सर. खाली येणारच नाही.”

पहिल्या सरांचं काम दहा सेकंदांत झालं, दुसऱ्यांना तीन-चार मिनिटं लागली. वहीत दोन्हीकडे उत्तर एकच उमटलं. फरक दिसतो तो बारावीत, दोलनांच्या धड्यात. लंबक टोकाला पोचतो तिथे त्याचा वेग शून्य असतो आणि त्वरण सगळ्यात जास्त. पहिल्या सरांकडची मुलगी इथे पुन्हा ‘शून्य’ लिहिते, कारण तिच्या मनातली मूळ समजूत कुणी हलवलेलीच नाही. दुसरीला वेग आणि वेगातला बदल या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे स्वतःच्या तोंडून एकदा सापडलेलं असतं.

मुलांसाठी फिजिक्सची शिकवणी शोधताना आईवडील म्हणतात, “समजून घेणारे सर मिळाले पाहिजेत.” त्यांच्या मनात बहुतेक वेळा न रागावणारे, गोड बोलणारे सर असतात. गोड बोलणं चांगलंच, पण या विषयात समजून घेण्याला त्याहून नेमका अर्थ आहे. मुलाचं चुकीचं उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेणं आणि ते कुठून आलं हे शोधणं, याला मी समजून घेणं म्हणते. शिक्षक शोधताना हीच गोष्ट तपासायची असते, आणि ती तपासता येते.

ती इतकी महत्त्वाची का, हे आधी बघू. मूल भौतिकशास्त्राच्या वर्गात कोऱ्या पाटीनं येत नाही. पंधरा वर्षं त्यानं वस्तू ढकललेल्या, फेकलेल्या, ओढलेल्या असतात. ढकलणं थांबवलं की कपाट थांबतं, पेडल मारणं सोडलं की सायकल मंदावते, हे त्यानं शेकडो वेळा बघितलेलं असतं. त्यावरून त्यानं नियम बांधलेला असतो, की वस्तू चालती राहायला बल लावत राहावं लागतं. न्यूटनचा पहिला नियम पाठ म्हणून दाखवणारं मूलही मनातून हेच मानत असतं. फेकलेल्या चेंडूत ‘हाताचं बल’ शिल्लक असतं आणि ते हळूहळू संपतं, असं मुलं सांगतात तेव्हा ती मध्ययुगातल्या विद्वानांसारखाच विचार करत असतात. गॅलिलिओ आणि न्यूटन यांनी तो विचार मोडून काढेपर्यंत शतकं गेली. इतकी जुनी समजूत एका तासात ‘चूक’ म्हणून जात नाही. तिला मुळात मूर्खपणा म्हणणंच चुकीचं आहे.

अमेरिकेत डेव्हिड हेस्टनीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बलाच्या संकल्पनेवरची एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड नाही. सगळे प्रश्न साध्या भाषेत आहेत, आणि चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्याखुऱ्या गैरसमजांतून घेतलेले आहेत. गणितं भराभर सोडवणारी मुलंही या चाचणीत अडखळली. त्याआधी, १९९०च्या सुमारास, हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी अशाच प्रश्नांची चाचणी आपल्या वर्गाला दिली होती. तेव्हा एका विद्यार्थिनीनं विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मला एरवी वाटतं तशी? या प्रश्नानं माझूर हादरले आणि त्यांनी व्याख्यानाची आपली पद्धतच बदलली. हार्वर्डच्या वर्गात दोन फिजिक्स शेजारी शेजारी नांदत असतील, एक पेपरापुरतं आणि एक मनातलं, तर नाशिकच्या किंवा लातूरच्या अकरावीच्या मुलाकडून वेगळी अपेक्षा कशी करावी?

ऐंशी-शंभर मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या मनातलं फिजिक्स बाहेर काढणं चांगल्या शिक्षकालाही जमत नाही. समोर एकच मूल असेल तर जमू शकतं. खासगी शिकवणीचा खरा फायदा एवढाच आहे, आणि तो मोठा आहे. बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये एकास एक शिकवणीचा परिणाम अफाट असल्याचं मांडलं होतं. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये पुष्कळ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा तो परिणाम ब्लूम म्हणाले त्याहून बराच कमी, तरीही भक्कम निघाला. पण एकास एक बसून सर फळ्यावरचंच व्याख्यान देणार असतील, तर घरी येऊन शिकवण्याचे जास्तीचे पैसे कशासाठी द्यायचे?

आपल्याकडे ही गरज उभी राहते ती बहुधा अकरावीत, आणि त्याचं कारण अभ्यासक्रमाच्या रचनेत आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये दहा धडे असतात. गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन, भिंगे आणि हवं तर अवकाश मोहिमा एवढंच त्यातलं भौतिकशास्त्र. बाकीचं रसायन. लेखी पेपर ४० गुणांचा. एवढ्या शिदोरीवर मूल अकरावीत जातं आणि दुसऱ्याच धड्यात सदिश आणि कलनशास्त्र समोर येतं. गणिताच्या पुस्तकात मात्र डिफरन्सिएशन दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटच्या धड्यात आहे. म्हणजे फिजिक्सचे सर जूनजुलैत जे गृहीत धरून पुढे जातात, ते गणिताचे सर वर्ष संपता संपता शिकवतात. मधल्या महिन्यांत मूल स्वतःला ‘ढ’ समजायला लागतं.

बायोलॉजी घेऊन गणित सोडलेल्या मुलांचे हाल आणखी आहेत. नीट परीक्षेच्या ७२० गुणांपैकी १८० फिजिक्सचे असतात, आणि त्यासाठी लागणारं गणित त्यांना कुणीच शिकवत नाही. अशा मुलासाठी शिक्षक शोधताना मी पहिला प्रश्न हाच विचारीन, “सर, लागेल तेवढं गणित तुम्ही तासातच शिकवाल ना?” ‘ते त्यानं करून यावं’ असं उत्तर आलं, तर ते सर कितीही विद्वान असोत, या मुलासाठी नव्हेत.

याचाच दुसरा भाग म्हणजे आपल्या मुलाला नेमकं काय अडतंय ते शोध सुरू करण्याआधी कळायला हवं. त्यासाठी पालकांना फिजिक्स यावंच लागतं असं नाही. चाचणीचे तपासलेले पेपर समोर घेऊन बसावं आणि प्रत्येक गणित कुठे थांबलंय ते बघावं. सूत्र बरोबर, आकडेही बरोबर, आणि पुढे चिन्ह चुकलं किंवा दहाचा घात चुकला, असं वारंवार दिसलं तर दुखणं गणिताचं आहे. आकृती कुठेच नसेल, बलांचे बाण कुठेच काढलेले नसतील, तर मूल प्रसंग डोळ्यांसमोर न आणता थेट सूत्राकडे धावतंय. आणि सूत्रच भलतं असेल तर?

या शेवटच्या चुकीबद्दल एक सुंदर अभ्यास आहे. मिशलीन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेझर यांनी १९८१ मध्ये भौतिकशास्त्राची गणितं काही नवख्या विद्यार्थ्यांना आणि काही पीएच.डी. करणाऱ्यांना दिली आणि सांगितलं, सोडवू नका, फक्त सारखी वाटतात त्यांचे गट करा. नवख्यांनी उतरणीची गणितं एका गटात टाकली, स्प्रिंगची दुसऱ्या, कप्पीची तिसऱ्या. जाणत्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेची एकीकडे ठेवली आणि न्यूटनच्या दुसऱ्या नियमाची दुसरीकडे, मग चित्रात उतरण असो की स्प्रिंग. ‘गणित कळतं पण कुठलं सूत्र लावायचं ते कळत नाही’ ही घरोघरची तक्रार म्हणजे नेमकं हेच. अशा मुलाला आणखी शंभर गणितांचा सराव देऊन उपयोग नाही. न सोडवता गणिताकडे बघायला शिकवणारे सर त्याला हवेत.

पेपर कोरा असेल तर एक साधी परीक्षा घ्यावी. गणित मुलाला मोठ्यानं वाचायला सांगावं आणि म्हणावं, “आकडे सोड. काय चाललंय तेवढं आपल्या भाषेत सांग.” समजा लिफ्ट वर जाते आहे, तिचा वेग कमी होतो आहे, आत माणूस वजनकाट्यावर उभा आहे. “लिफ्ट थांबत आलीय, म्हणून काटा कमी वजन दाखवेल,” असं मूल म्हणालं तर त्याला फिजिक्स येतंय. अडतंय ते मांडणीत, किंवा इंग्रजी वाक्य उलगडण्यात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं हे दुसरं कारण अनेकदा कुणाच्या लक्षातच येत नाही. त्वरण, संवेग, जडत्व त्यांनी मराठीतून नीट समजून घेतलेलं असतं, आणि अकरावीत तेच सगळं इंग्रजीतून अंगावर येतं. पहिले दोन-तीन महिने दोन्ही भाषांतून ये-जा करणारे सर मिळाले तर अशी मुलं भराभर वर येतात.

एवढं कळलं की कुणाला विचारायचं हा प्रश्न सोपा होतो. मुलाच्या शाळेतल्या विज्ञानशिक्षकांना जरूर विचारावं, पण नाव सुचवण्यासाठी. शिकवणी तुम्हीच घ्या असा आग्रह धरू नये. शिक्षणहक्क कायद्याच्या २८व्या कलमानं शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई केलेली आहे. शिवाय वर्गात गुण देणारा आणि घरी पैसे घेणारा माणूस एकच असला की मुलाला आपलं अज्ञान मोकळेपणानं उघड करता येत नाही. निवृत्त प्राध्यापक, कॉलेजच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं प्रॅक्टिकल घेतलेले लोक, एम.एस्सी. करणारे विद्यार्थी, घरी दोनचार मुलांना शिकवणाऱ्या गृहिणी, यांच्यात उत्तम शिक्षक दडलेले असतात आणि त्यांचे फलक कुठे लागत नाहीत. इंजिनिअरिंगला असलेला शेजारचा दादा गणितं झटपट सोडवून दाखवतो, पण त्याला सगळं सहज आलेलं असतं. न येणाऱ्याला कुठे अडतं हे त्याला दिसेलच असं नाही. कधी कधी दिसतंही, आणि वयानं जवळचा असल्यामुळे मूल त्याच्याशी खुलतं. पदवीवरून आधी ठरवू नये. आठवी ते दहावीसाठी बी.एस्सी., बी.एड. झालेली, धीराची व्यक्ती पुष्कळ झाली. अकरावी-बारावीला मात्र तेच धडे सध्या शिकवत असलेलं माणूस असावं.

ओळखीच्यांना विचारताना “त्यांची किती मुलं टॉप आली?” हे विचारून फार कळत नाही. वरच्या क्रमांकाची मुलं कुणाकडेही गेली तरी बहुधा वरच राहतात. त्याऐवजी विचारावं, “पस्तिशीवरून साठीला आलेलं कुणी आहे का त्यांच्याकडे? त्या मुलाशी बोलता येईल का?” आणि मुलाला विचारावं, “सरांना शेवटचा डाउट कधी विचारलास? मग काय झालं?” त्याला आठवायला फार वेळ लागला तर तेही उत्तरच आहे.

मग डेमो. तो फुकट मागू नये. एका तासाची फी द्यावी आणि मूल ज्यात खरंच अडतंय तोच धडा घ्यायला सांगावा. शक्य असेल तर पालकांनी बाजूच्या खोलीत, आवाज ऐकू येईल असं बसावं. मुलाला आधीच सांगून ठेवावं, की उत्तर येत नसलं तरी मनात येईल ते बोल.

ऐकायचं काय? पहिली गोष्ट, जास्त कोण बोलतंय. अस्खलित समजावून सांगणारे सर ऐकणाऱ्या पालकांना फार आवडतात, आणि इथेच निवड चुकते. मिशलीन ची यांनीच २००१ मध्ये सहकाऱ्यांसोबत आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. विषय फिजिक्स नव्हता, शरीरातलं रक्ताभिसरण हा होता. त्यात शिकवणाऱ्यांना समजावून सांगायचीच मनाई केली. ‘याचा अर्थ काय?’, ‘पुढे काय होईल?’ असं विचारत राहायची तेवढी मुभा होती. मुलं तरीही तितकीच शिकली. दुसरी गोष्ट, प्रश्न विचारल्यावर सर किती थांबतात. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा शिक्षक सरासरी एक सेकंदही थांबत नाहीत असं त्यांना आढळलं. तेच थांबणं तीन सेकंदांच्या पुढे नेलं तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होत गेली. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. डेमोच्या वेळी मनात मोजून बघा, ती शांतता किती मोठी असते ते कळेल. तिसरी गोष्ट, पेन कुणाच्या हातात आहे. तासाअखेर वहीत सरांचं अक्षर जास्त असेल तर तो तास सरांचा झाला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूल चुकल्यावर सर काय करतात. याचं एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण चांगलं शिकवणं कसं दिसतं हे त्यातून कळतं. टेबलावर पुस्तक ठेवलंय. पुस्तकावर खाली गुरुत्वबल. वर काय? पुस्तकी उत्तर, टेबलानं वर लावलेलं लंब बल. पण मूल म्हणतं, “टेबल कसं बल लावेल? ते नुसतं मध्ये आहे.” ही शंका अगदी रास्त आहे. चांगले सर इथे न्यूटनचा तिसरा नियम तोंडावर फेकत नाहीत. ते म्हणतात, “तळहातावर पुस्तक ठेव. हात बल लावतोय?” हो, जाणवतंय. “आता स्प्रिंगवर ठेवलं तर?” स्प्रिंग दबते आणि वर ढकलते. “जाड फोमच्या गादीवर?” तीही दबते. “दोन खुर्च्यांवर लवचिक फळी टाकून तिच्यावर?” फळी वाकते. “जाडजूड फळी असेल तर?” थोडी कमी वाकेल. “मग टेबल?” इथे मूल स्वतःच म्हणतं, टेबलही दबत असणार, आपल्याला दिसत नाही इतकंच. स्प्रिंगपासून टेबलापर्यंतचा हा जिना चढायला दहा मिनिटं लागतात. त्यानंतर दोरीतला ताण, लिफ्टमधलं वजन, उतरणीवरचं ठोकळ्याचं गणित, सगळीकडे ते मूल बाण काढताना विचारतं, ‘याला कोण स्पर्श करतंय?’ हे सर कदाचित एका तासात धड्याचा एकच तुकडा पुरा करतील. ‘पोर्शन मागे पडतोय’ म्हणून त्यांना नाकारू नका.

डेमोत सर “हे मला बघून सांगावं लागेल” असं म्हणाले तर मी त्यांना उलट जास्त गुण देईन. मोठ्या माणसाला न येणं चालतं हे मुलानं एकदा बघितलं की त्याचं स्वतःचं न येणं त्याला बोलून दाखवता येतं. याउलट “एवढं साधं येत नाही?”, “आठवीत काय केलंस?” किंवा “मुलींना फिजिक्स जरा जडच जातं” असलं एकही वाक्य कानावर आलं तर दुसरा तास ठेवू नये. शेवटचं वाक्य तर कौतुकाच्या सुरातही बोललं जातं आणि मुलीच्या मनात वर्षानुवर्षं बसून राहतं. पालकांनीही पहिल्याच भेटीत मुलादेखत “हा फिजिक्समध्ये कच्चाच आहे हो” म्हणणं टाळावं. गुण खरे सांगावेत, शेरा मारू नये.

कुठल्या परीक्षेसाठी शिकवणी हवी हे सरांशी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोललेलं बरं. राज्य मंडळाच्या बारावीत ७० गुणांची लेखी आणि ३० गुणांचं प्रॅक्टिकल. तिथे डेरिव्हेशन नीट मांडावं लागतं. एमएचटी-सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, उत्तर चुकलं तर गुण कापत नाहीत. नीटमध्ये चुकीला एक गुण जातो. तीन परीक्षांच्या तीन सवयी. पाया एकच असला तरी शेवटच्या चार महिन्यांतला सराव वेगळा. ‘सगळंच करून घेतो’ म्हणणाऱ्या सरांना, कसं करून घेता हे विचारायला संकोच करू नये. प्रॅक्टिकलचे ३० गुण तर शिकवणीत बहुतेक विसरलेच जातात. ज्यांच्या घरी एक व्हर्नियर कॅलिपर, एक बहिर्वक्र भिंग आणि एखादा मल्टिमीटर आहे आणि जे ते मुलाच्या हातात देतात, ते सर सोडू नयेत.

व्यवहाराचं थोडक्यात. केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको, मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी परत, असं त्यात आहे. पण त्या ५० पेक्षा जास्त मुलं असलेल्या केंद्रांसाठी आहेत. घरगुती शिकवणीला त्या लागू नाहीत, म्हणून सुटलेले तास, सुट्ट्या, फी कधी द्यायची हे आपणच आधी बोलून ठेवावं. वर्षाची फी एकरकमी देऊ नये. महिन्याची द्यावी.

शिकवणी बैठकीच्या खोलीत, दार उघडं ठेवून, घरात कुणी मोठं असताना व्हावी. मेसेज मुलाच्या एकट्याच्या फोनवर न जाता पालकही असलेल्या ग्रुपवर जावेत. हे शिक्षकावरचा अविश्वास म्हणून करायचं नाही, कुठलाही जबाबदार शिक्षक स्वतःच असं मागेल. आणि मूल “मला त्यांच्याकडे जायचं नाही” म्हणालं तर कारण सांगेपर्यंत थांबू नये. आधी तास थांबवावा, कारण नंतर विचारावं.

आठवड्याला किती तास? माझ्या मते दोन बैठका, प्रत्येकी तास-दीड तास, याहून जास्त नको. कॉलेज, त्यातच इंटिग्रेटेड क्लास, वर रोजची शिकवणी, असं वेळापत्रक असलेल्या मुलाला एकट्यानं अडून बसायला वेळच उरत नाही. गणितापाशी वीस मिनिटं एकट्यानं अडून बसणं हा या विषयाच्या अभ्यासाचा गाभा आहे. सरांचा तास त्यानंतर येतो.

सहा-आठ आठवड्यांनी थांबून बघावं. एवढ्यात गुण वाढतीलच असं नाही, पण दुसऱ्या खुणा दिसायला हव्यात. वहीत आकृत्या आल्यात का? चुकलेली गणितं पुन्हा सोडवलेली दिसतात का? मुलाचे प्रश्न बदललेत का? आधी ते ‘हे कसं सोडवायचं?’ एवढंच विचारत असेल आणि आता ‘इथे घर्षण का धरलं नाही?’ असं विचारत असेल, तर शिकवणी काम करते आहे. घरचा अभ्यास सर स्वतःच सोडवून देत असतील, ‘आयएमपी’ प्रश्नांच्या याद्या येत असतील आणि मूल खूश पण वही मुकी असेल, तर सरळ बोलावं. बोलूनही बदल झाला नाही तर महिना पूर्ण करून, आभार मानून थांबावं. त्यात कुणाचा अपमान नाही. प्रत्येक मुलाचं प्रत्येक शिक्षकाशी जमतंच असं नाही.

गावात कुणीच मिळत नसेल तर ऑनलाइन शिकवणी चालते, एका अटीवर: दोन्हीकडे लिहिलेलं दिसलं पाहिजे. सरांनी स्क्रीनवर लिहायचं आणि मुलानं वहीवर फोन रोखून धरायचा. नुसत्या चेहऱ्यांच्या व्हिडिओवर फिजिक्स होत नाही. सोबतीला कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ ही मोफत सिम्युलेशन्स आहेत, त्यातली बरीच मराठीतही चालतात. विद्युतमंडलात बल्ब आणि तारा जोडून बघणं किंवा उतरणीवर ठोकळा सोडून बलांचे बाण बदलताना पाहणं तिथे करता येतं. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरचे टाकाऊ वस्तूंचे प्रयोग आठवी-नववीच्या मुलांना फार आवडतात. एच. सी. वर्मांचं ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’ अकरावीपासून घरात असावं, पण त्यातल्या प्रत्येक धड्याअखेरचे शाब्दिक प्रश्न आधी, गणितं नंतर. ते शाब्दिक प्रश्न आईनं किंवा आजोबांनी विचारले तरी चालतात. उत्तर बरोबर की चूक हे ठरवायची गरज नाही, ‘असं का वाटतं तुला?’ एवढंच विचारत राहायचं.

बारावीच्या दिवाळीनंतर तास कमी करायला सुरुवात करावी. आठवड्याच्या दोन बैठकांची एक, पूर्वपरीक्षेनंतर फक्त अडलेल्या प्रश्नांची यादी घेऊन पंधरवड्यातून एकदा. हे सरांनी स्वतःहून सुचवलं, तर धाकट्या भावंडासाठी त्यांचा नंबर जपून ठेवावा.